मुलगी कुठे राहते?

लिफ्ट दुरुस्त करणारा हा बाप तसा भित्रा नव्हे. दहाव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसून खुशाल शीळ घालत बोल्ट पिळायचा. पण कोर्टाचा कागद दिसला की गड्याच्या पाचावर धारण बसायची.

काडीमोड झाला तेव्हा लेक आईकडे राहिली आणि लेकीची पोटगी याच्या पगारातून परस्पर कापली जाऊ लागली. वर्षभरापूर्वी आईला फिरतीची नोकरी लागली, आणि लेक दप्तर घेऊन बापाकडे आली ती आलीच. फक्त रविवारी आईला भेटून यायची. खाणंपिणं, फी, औषधं सगळं आता बापाकडे, आणि पोटगीही चालूच!

"अरे, अर्ज कर की," कामावरचा जोडीदार म्हणायचा. "पोटगीचा हुकूम काय आपोआप बदलतो?"

पण याच्या डोक्यात एकच भुंगा. अर्ज केला, आई बिथरली आणि लेकीला घेऊन गेली तर? दर रविवारी लेक परत येईपर्यंत हा खिडकीतून हलायचा नाही. आणि कोर्टाने आईकडे दिलेली लेक आपल्याकडे राहते, याचा कुणाला सुगावा लागू नये म्हणून या शहाण्याने शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे लेकीचा पत्ता आईचाच ठेवला.

शेवटी लेकीच्या चष्म्यालाही पैसे उरले नाहीत, तेव्हा तो कोर्टात गेला.

"मुलगी तुमच्याकडे राहते कशावरून?" कारकुनाने विचारलं. "सगळ्या कागदांवर तर आईचा पत्ता आहे."

याच्या तोंडचं पाणीच पळालं. आपल्याच हाताने लेकीला कागदावरून घालवलं होतं की!

"मग आईची लेखी संमती आणा," कारकून म्हणाला.

म्हणजे जिला सगळ्यात जास्त भ्यायचा, तिच्याच दारात जायचं. शनिवारी गेला. तिने कागद दोनदा वाचला.

"पैसे नकोत असं मी केव्हाच सांगणार होते," ती म्हणाली. "पण वाटलं, तेवढं म्हटलं की तू म्हणशील, आता लेकीशी तुझा काय संबंध?"

तिने सही केली, पण कागद लगेच सोडेना.

"उद्या पाठवशील ना रे तिला?"

हो म्हणायला काय लागतं? त्यालाही म्हणायचंच होतं. पण संमती देऊन बसलेली ही बाई उद्या लेकीला ठेवूनच घेईल, या भीतीने जीभ वळेना. त्याने कागद तिच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाला, "बघू."