व्याह्यांचा गुंता

गुंत्यावर जीव लावणारा माणूस पृथ्वीवर एकच, आमचे व्याही. आणि त्यांचा आठ महिन्यांचा गुंता पाऊण तासात सोडवून ठेवणारी मूर्ख बाईही एकच, मी. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची पोर होते. उल्हासनगरात, कॅम्प चारला, घरी बसून जीन्सचे लोंबते धागे कापण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. गुंता दिसला की तो सोडवायचा, एवढीच माझी अक्कल.

व्याही अंबरनाथ पूर्वेला राहतात. केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं सोसायटीचे सेक्रेटरी होतात, हे कॉम्प्युटरवर आरएनए वळत बसले. आरएनए म्हणजे आपल्या पेशींतला चार अक्षरांचा लांबच लांब धागा, स्वतःवरच वळून बसलेला. अक्षरं दिली की सॉफ्टवेअर पन्नास आकार सुचवतं, त्यातला खरा वाटेल तो आपण निवडायचा आणि मग महिनोन्महिने एकेक वळण बसवायचं. "स्थळं बघण्यासारखंच," ते म्हणायचे, "फक्त इथे पत्रिका खोटी नसते." पडद्यावरचा धागा फिरवला की हेही खुर्चीत तसेच तिरके होत, दोनदा पडले. भाजीवाली वाकडी पडवळं यांच्यासाठी बाजूला ठेवायची. चिरण्याआधी हे ती अर्धा तास न्याहाळत, त्यामुळे माझ्या लेकीच्या सासरी जेवायला तीन वाजत.

या वेडाच्या मुळाशी होती त्यांची बायको, माझी विहीण. तिची मूठ एकदा आवळली की सुटायची नाही. लग्नात तिने माझा हात धरला तो सोडेचना. मला वाटलं, केवढी माया! मीही फुशारकीत उभी राहिले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, एका आरएनएत तीच तीन अक्षरं शेकडो वेळा येतात, त्याची गाठ बसते आणि स्नायू आखडत, झिजत जातात. औषध नव्हतं. ती आहे तोवर ती गाठ तिला एकदा डोळ्यांनी दिसावी, एवढंच व्याह्यांना हवं होतं.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते, आणि ते तिला भरवायला आत गेले. पडद्यावर गाठ तशीच. मी माऊस धरला, टोक सापडलं, ओढत गेले. मधेमधे लाल इशारे आले, ती मला शाबासकी वाटली. जुनं पुसून हे ठेवायचं का, असं यंत्राने विचारलं. इतकं नीट केलेलं काम कोण टाकून देईल? मी हो म्हटलं.

बाहेर येऊन त्यांनी तो सरळसोट धागा पाहिला. मला चहा दिला, त्यात साखर घालायला विसरले.

दीड महिन्याने ती गेली. नवी गाठ बांधण्याइतके दिवस तिच्याकडे नव्हतेच. मी त्यांची नजर टाळत राहिले, आणि शेवटी एकदा माफी मागायला गेले. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता. ओट्यावर एक पडवळ होतं, सरळ.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही घरी गेल्यावर तोच धागा मी तिला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, सुटली की हो गाठ. मीही हो म्हटलं."