मागच्या फळीवरचा भाऊ

आमच्या गावातल्या उताराच्या शर्यती साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केल्या. रिकाम्या खोक्याला चाकं ठोकायची आणि कारखान्याच्या फाटकापासून नदीपर्यंत सुसाट सुटायचं. आधी सुट्टीच्या दिवशीची नुसती मस्ती होती, मग पंच आले, आणि चौकात जिंकणाऱ्यांच्या नावांची पाटी लागली. गाडीवर माणसं दोन. पुढच्याने दोर धरून गाडी वळवायची, मागच्याने ब्रेक ओढायचा. पाटीवर नाव मात्र पुढच्याचंच. हा कुठला न्याय, ते मला विचारू नका.

त्या पाटीवर माझ्या बाबांचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आहे. मागच्या फळीवर कायम त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका. काका चपला शिवतो, ब्रेकला लावायचे जाड तळ तोच कापायचा. अख्खं गाव त्याला ‘ब्रेक’ म्हणूनच हाक मारतं.

मागच्याला रस्ता दिसत नाही, डोकं खाली घालून बसावं लागतं. बाबांनी बोटांच्या पेरांनी खोक्यावर दोनदा ठोकलं, की काकाने ब्रेक ओढायचा. आधी नाही, नंतर नाही. “घाबरून कधी आधीच ओढला नाहीस?” असं मी विचारलं, की म्हणायचा, “मी कोण ठरवणारा? रस्ता दादाला दिसतो.” बाकीच्यांनी हातपाय मोडून घेतले, या दोघांना साधा ओरखडा नाही.

कारखाना बंद पडला तरी शर्यती चालू राहिल्या. बाबांच्या छातीत मात्र साबणाची भुकटी बसली होती, ती काही निघाली नाही. या वर्षी ते अंथरुणाला खिळले आणि शेवटी दवाखान्यात, तोंडात नळी, शेजारी श्वासाचं मशीन.

“मशीन काढलं तर ते जातील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ठेवायचं तर गळ्याला भोक पाडून नळी घालू. पण सुधारणा होणार नाही. तुम्ही ठरवा.”

“पाडा भोक!” काका म्हणाला. “एक काय, दोन पाडा. वाटेल ते करा, पण त्याला ठेवा.”

तेवढ्यात बाबांचा हात हलला. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर पेरं वाजली. टक, टक.

“थरथर असेल,” बाई म्हणाल्या.

“थरथरच आहे,” काका झटकन म्हणाला.

“काका, तू ऐकलंस.”

“काही ऐकलं नाही मी! गप बस!” जन्मात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस हा.

बाई बाहेर गेल्या. पुन्हा टक, टक. काकाने आपला तळहात दांड्यावर, बाबांच्या पेरांखाली सरकवला. आवाज बंद झाला.

बाबा थांबले नाहीत. त्या हातावरच ठोकत राहिले. दोनदा. जरा दम खाऊन पुन्हा दोनदा. मला काकाचा भयंकर राग येत होता, आणि त्याचंच चालावं असंही वाटत होतं. बाबा हवे होते मला, कसेही.

“दादा, नको ना रे,” काका रडकुंडीला आला. “अजून थोडं जाऊ दे की.” उतारावर त्याने असा हट्ट कधी केला नव्हता.

बाबांनी पुन्हा ठोकलं. आता जेमतेम बोटं टेकत होती.

काकाने मान खाली घातली, अगदी गाडीवर घालायचा तशी. मग मला म्हणाला, “बोलाव त्यांना.”

बाई आल्या. “थांबवा,” तो म्हणाला.

“नक्की ठरवलंत?”

“मी नाही. त्याने सांगितलं.”

दांड्यावरचा हात त्याने काढला नाही. बाबांची बोटं त्याच्यावर आता निवांत पडली होती.