मड्डमच्या दारातलं पहिलं पाऊल

आमचे बाबा काळे होते. सावळे नव्हेत, निमगोरे नव्हेत, काळे. लग्नाच्या फोटोत आईच्या शेजारी नुसता पांढरा सदरा आणि दात दिसतात, असं माझी मावशी म्हणायची, आणि त्यावर बाबाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या रंगावरून घडलं आणि माझ्या जिभेनं बिघडलं.

बाबा नाशकातल्या एका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, लोकांच्या शिव्या खायच्या. हे काम त्यांना शिकवलं तिथल्या मेट्रननं. ती स्कॉटलंडची होती. सगळे तिला मड्डम म्हणायचे. कुणी ‘इंग्रज बाई’ म्हटलं की ती फणकारायची, “मी इंग्रज नाही, समजलं?” आम्हाला काय समजणार, कप्पाळ! आमच्या लेखी गोरं ते सगळं सारखंच. नोकरी संपल्यावरही ती परत गेली नाही. दवाखान्यापासून लांब, आमच्या वस्तीपलीकडं दोन खोल्यांच्या कौलारू घरात राहिली. मराठी फाडफाड बोलायची, पण ते वॉर्डात शिकलेलं. थोरामोठ्यांना, डॉक्टरांनासुद्धा अरे-तुरे. लिहायला मात्र तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. रक्ताचं माणूस एकच, धाकटा भाऊ, आणि तो जाऊन बसला होता अमेरिकेत. त्याची पत्रं यायची. म्हातारी झालीस, इकडं ये, खोली तयार आहे.

नाताळचं तिला फारसं कौतुक नव्हतं. चर्चमधल्या बायका करंज्या-चकल्यांची ताटं घेऊन यायच्या. ती खायची, वाहवा करायची, आणि वर सांगायची, “माझा बाप या दिवशी कामावर जायचा.” तिचा खरा सण एक जानेवारी. आदल्या दिवशी घर झाडूनपुसून लख्ख करायचं, शेगडीतली राख बाहेर टाकायची. मग नव्या वर्षात तिचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतो यावर तिचं सगळं वर्ष. तो बाप्याच हवा. काळ्या केसांचा, आणि अंगानंही जितका काळा तितका उत्तम. हातात कोळसा हवा, मीठ हवं, भाकरतुकडा हवा. रिकाम्या हातानं आलेला नको, लाल केसांचा नको, आणि बाई तर नकोच नको. तिच्या गावाकडं म्हणे हे रात्री बाराच्या ठोक्याला चालायचं. इथं तिनं सकाळी सहावर भागवलं होतं. तोवर दार बंद. दूधवाल्यानंही तांब्या ओट्यावर ठेवून मुकाट निघून जायचं.

अख्ख्या दवाखान्यातून तिनं या कामाला निवडले ते आमचे बाबा.

मी दहा वर्षांची असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले. थंडी अशी की बोटं वळेनात. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलेला दगडी कोळसा कागदात गुंडाळून हातात, खिशात खडेमिठाची पुडी, आणि फडक्यात आईची ज्वारीची भाकरी. पूर्वी ते पाव न्यायचे. एका वर्षी पाव मिळाला नाही म्हणून भाकरी नेली, तर मड्डमला तीच आवडली. मला फाटकाबाहेर उभं केलं होतं. बाईमाणूस ना मी! बाबांनी कडी वाजवली. दार उघडलं. बाबा एक शब्द न बोलता आत गेले, शेगडीत कोळसा ठेवला, मीठ आणि भाकरी टेबलावर ठेवली. मग मड्डमनं टाळ्या वाजवल्या आणि मला हाक मारली, “ये गं पोरी, आता तू पण ये, आता काही भीती नाही.”

आत गेल्यावर तिनं मला मनुकांनी खच्चून भरलेला काळा केक दिला आणि तुपाची बिस्किटं. मी घरी येऊन आईला म्हटलं, नानकटाईच होती. आई दुसऱ्या दिवशी ते मड्डमला सांगून आली, तर बाईसाहेब चार दिवस रुसल्या. त्या दिवशी परमिटच्या बाटलीतून तिनं बाबांसाठी इवल्याशा पेल्यात दारू ओतली. बाबा बौद्ध, पंचशील पाळणारे, दारूला शिवायचे नाहीत. त्यांनी पेला कपाळाला लावून परत दिला आणि मड्डमनं त्यांचा वाटा स्वतःच घशाखाली सोडला. हे दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी ती म्हणायची, “तुझ्यामुळे मला डबल होते.”

तिचं आमच्या घराशी आणखी एका गोष्टीवरून जुळलं होतं. बकऱ्याची वजडी, म्हणजे पोटाआतड्याचं मांस. आई चुन्यानं घासून पांढरीशुभ्र करायची आणि तिखटजाळ कालवण करायची. आजूबाजूचे नाकाला पदर लावायचे. मड्डम म्हणाली, आमच्याकडं याच्याच पिशवीत दाणे भरून शिजवतात, मोठा मान असतो. मग जानेवारीअखेर एकदा आईनं वजडी नेली आणि मड्डमनं त्यात ज्वारीच्या कण्या घालून काहीतरी शिजवलं. आईला ते मेलं आळणी लागलं. मड्डम मात्र खाताना रडली. का रडते हे आम्ही विचारलं नाही.

बाबांचं गाव विंचूरकडचं. ते पोरगे असताना पहाटे एकदा गावच्या एका बड्या असामीची कांद्याची गाडी बाजाराला निघाली आणि बाबा आडवे गेले. त्यानं गाडी माघारी वळवली आणि बाबांना चाबकानं झोडलं. का, तर सकाळच्या पारी यांचं तोंड पाहिलं. बाबा ही गोष्ट हसत सांगायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, “गावात सावली चालत नव्हती, आन् हितं पाऊल मागत्यात. लय भारी दुनिया हाय!” पण एकतीस डिसेंबरला तो सदरा नीळ घालून धुवायची तीच.

आणि दर वर्षी चहा पिताना मड्डम भावाचं पत्र दाखवून म्हणायची, “ड्रेसर, तुझं पाऊल पडलं. आता आणखी एक वर्ष मी कुठं जात नाही.” ती हे चेष्टेत म्हणत नव्हती. बाबांचं पाऊल पडलं की ती भावाला नकार कळवायची. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

मग मी कॉलेजात गेले. सत्तरच्या दशकाची अखेर ती. वक्तृत्वस्पर्धा, अभ्यासमंडळ, मोर्चे. डोक्यात नुसता जाळ. जे वाचत होते ते खरंच होतं, आजही मी त्यातला शब्द मागं घेणार नाही. पण वीस वर्षांच्या पोरीला खरं कळलं की ती ते कुठंही फेकून मारते. त्या एकतीस तारखेला संध्याकाळी बाबा सदऱ्याला इस्त्री करत होते. मी म्हटलं, “बाबा, धम्म घेतला तेव्हा शकुन-अपशकुन सगळं सोडलं ना आपण?”

“सोडलं की.”

“मग हे काय चाललंय? गावात काळे म्हणून तुम्हाला झोडलं, ही काळे म्हणून बोलावते. फरक काय? मांजर आडवं जातं ना, तसे तुम्ही. तिकडचं अशुभ मांजर, इकडचं शुभ मांजर. माणूस कुठंच नाही.”

आई ओरडली, “जीभ आवर, भवाने!”

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली, निखारे ओतून टाकले, सदऱ्याची घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिली. मला वाटलं, जिंकले.

सकाळी बाबा खाकी शर्ट घालून मागच्या रस्त्यानं कामावर गेले. दुपारी दोनच्या सुमाराला मड्डमच्या शेजारची शिक्षिका आमच्या दारात आली. म्हणाली, “मड्डमनं दार उघडलेलं नाही. तांब्यातलं दूध मांजरानं पालथं केलं. शेगडी नाही, चहा नाही. मी हाका मारल्या तर आतून विचारते, ड्रेसर आला का?”

आई शेतावर मजुरीला गेली होती. दवाखाना सायकलनं दहा मिनिटं. मी जाऊन सांगितलं असतं तर बाबा हातातली पट्टी टाकून धावले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी गेले नाही. शिक्षिकेला म्हटलं, “सांगते,” आणि पुस्तक घेऊन बसले. मनात म्हटलं, बसू दे बाईला उपाशी, एक दिवस. एवढी दुष्ट मी होते. आता लिहितानाही लाज वाटते.

दिवेलागणीला मड्डमनं स्वतःच दार उघडलं, ओट्यावर आली आणि स्वतःच परत आत गेली. त्या वर्षीचं पहिलं पाऊल तिचंच. बाईचं, आणि रिकाम्या हातांचं.

बाबांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. ते तसेच धावत तिच्याकडं गेले. परत आले तेव्हा आईनं विचारलं, काय म्हणाली? “चहा दिला,” बाबा म्हणाले. “काही विचारलं नाही?” “नाही. पत्र लिहीत होती.” मग बाबा मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

मार्चमध्ये ती गेली. तिची ट्रंक बाबांनी डोक्यावरून स्टेशनात नेली. गाडी येईपर्यंत ती त्यांना गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाला काय लावायचं ते सांगत होती आणि बाबा मान डोलवत होते. ती विचारत नव्हती आणि हे सांगत नव्हते. मी तिथंच उभी होते.  माझ्या अंगावर येईल म्हणून मी गप्प राहिले. त्यानंतर बाबांनी तो सदरा अंगाला लावला नाही. माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नाहीत, पण पूर्वीसारखं हसून गावच्या गोष्टी सांगणं बंद झालं.

पुढच्या वर्षी जानेवारी संपता संपता अमेरिकेचं पत्र आलं. माझ्या नावावर, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच एकटी. बाबा समोर येऊन मांडी घालून बसले. आई चुलीपुढून उठून दारात उभी राहिली. मी वाचत वाचत मराठीत सांगू लागले.

इथं खोल्या नळाच्या वाफेनं गरम होतात, लिहिलं होतं, विस्तव म्हणून बघायला नाही. रस्त्यावर माणूस चालत नाही, सगळे मोटारीत. भाऊ चांगला आहे, पण तो आता इथलाच झाला. नाताळात झाडाला दिवे लावतात, चार दिवसांनी तेच झाड फुटपाथवर फेकतात. एक तारखेला हे लोक उशिरा उठतात आणि टीव्हीवर सामना बघतात. भावाला आपल्या बापाच्या घरची रीत आठवतसुद्धा नाही. मी एकतीसला माझी खोली झाडली. सकाळी दार लावून आत बसले. नऊ वाजता पहिलं कोण आलं, सांगू? भावाची बायको. सपाता घालून, हात हलवत. अंडी कशी हवीत म्हणून विचारायला. इथं मक्याचं पीठ मिळतं, त्याची भाकरी थापून पाहिली. तुटली. तुझ्या आईला सांग, ती हसेल.

आई हसली. डोळे पुसत हसली.

पुढच्या चार ओळी मी मनात वाचल्या. ‘पोरी, ड्रेसरला एवढं विचार, की त्या दिवशी तो का आला नाही. मला तेव्हा विचारवलं नाही. माझं काय चुकलं? मी खूप आठवून पाहिलं. इतकी वर्षं तो माझ्याकडं उकिडवा बसून चहा प्यायचा, मी त्याला कधी खुर्ची दिली नाही. तेच ना? त्याला सांग, माझ्या ध्यानात आलं नाही. तो आला असता तर मी इथं आले नसते.’

खरंच नव्हती दिली खुर्ची. दहा वर्षं ते मीही पाहिलं होतं आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी ते वाचून दाखवलं असतं, तर बाबांनी लगेच म्हटलं असतं, लिही तिला, खुर्चीचं काही नाही. मग खरं कारण लिहावं लागलं असतं, आणि ते माझ्याच हातानं. मी कागदाची घडी घातली.

“अजून काय लिहिलंय?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. थंडी फार आहे म्हणते.”

“माझ्याबद्दल काही विचारलं नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

बाबा मग गुडघ्यावर हात टेकून उठले. “बरोबर हाय,” म्हणाले, “कशाला विचारील.”

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. बाबा नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर जेवायला बसायचे, आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही.