काशीराम तपासनीस आणि जर्मन गोवर

काशीरामभाऊ सावंतांनी गिरणीत सत्तावीस वर्षं एकच काम केलं. कापड उजेडात धरायचं आणि दोष काढायचा. गाठ, डाग, सुटलेला धागा, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली, पण नजर कशी बंद पडणार? ती घाटकोपरच्या चाळीवर फिरू लागली. शेजारची आमटी, कुणाची हजामत, कुणाचा जावई, सगळ्यांत त्यांना खोट दिसायची. चाळ वैतागून गेली होती.

अशात त्यांच्या सुनेला, नंदाला, दुसरा महिना लागला. आधीचं पोटातच गेलं होतं, त्यामुळे घरातले सगळे जीव मुठीत धरून होते. त्यातच तळमजल्यावरच्या दोन पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. 'देवी आली' म्हणत बायका ओटी भरायला निघाल्या, नंदालाही बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र भाऊंना बजावलं, "हा जर्मन गोवर दिसतोय. पोरांना किरकोळ, पण पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला, तर बाळाचे डोळे, कान, हृदय, कशालाही इजा होऊ शकते. पुरळवाल्यांना लांब ठेवा."

झालं! गिरणी पुन्हा सुरू झाली.

जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून भाऊ बसले. येईल त्याला उजेडात उभं करायचं, बाह्या वर करायला लावायच्या, मान वळवून बघायची. नाकावर फोड होता म्हणून पोस्टमन नापास झाला. भटजी पास झाले, पण सदरा काढून. शेजारच्या शांताबाई वर यायला निघाल्या, तर डास चावल्याच्या दोन गांधींवरून भाऊंनी त्यांना अडवलं.

"माल रिजेक्ट!"

शांताबाई म्हणजे चाळीतली तोफ. कंबरेवर हात ठेवून त्यांनी भाऊंनाच न्याहाळलं.

"मला काय सांगता भाऊ? तुमच्या कानामागं काय उठलंय ते बघा आधी!"

"घामोळा असतला."

"जानेवारीत?"

भाऊंनी घरातला आरसा गाठला. मानेवर, छातीवर, पोटावर बारीक लाल ठिपके. सगळी चाळ तपासून झाली होती, फक्त स्वतःला तपासायचं राहिलं होतं. आणि रोज नंदासमोर बसून जेवत होते तेच.

सुनेकडे न बघता घोंगडी उचलून ते गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे राहू लागले. नंदाचं रक्त तपासायला गेलं. शांताबाई ताट पायरीवर ठेवून ओरडायच्या, "जेवा हो!" चार दिवस भाऊंनी त्या जेवणाला एकदाही नाव ठेवलं नाही, तेव्हा चाळ खरी घाबरली.

पाचव्या दिवशी नंदा कागद घेऊन गच्चीवर आली.

"फुडे येव नको गो!" भाऊ टाकीआडून ओरडले.

"मामा, ऐका तरी. मला लहानपणीच हा गोवर येऊन गेलाय, रक्तात तसं दिसलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता याचा बाळाला धोका नाही."

"परत सांग."

तिने सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा सांगून नंदा वैतागली. "अहो मामा, आता या ना बाहेर!"

भाऊ टाकीमागे तोंडात पंचा कोंबून रडत होते. आनंद मावत नव्हता आणि सुनेला तसं तोंड दाखवायची लाजही वाटत होती.

"येतंय," ते कसेबसे म्हणाले, "तू आधी खाली जा, बाय. हयसर ऊन खूप आसा."