हरलेल्या देशाचं रेशन

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बाकीची कामं मला जमत नाहीत हे सगळ्यांच्या अनुभवाला आल्यावर एवढंच उरलं. रविवारी जेवणं झाली की मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतो आणि समोर जमिनीवर माझी पुतणी बसते. दहा वर्षांची. पूर्वी माझा मुलगाही बसायचा. आता त्याला मोबाइल मिळालाय, म्हणजे माझ्यापेक्षा बरा सांगणारा मिळालाय.

वर्षभर मी तिला एका देशाची लढाई सांगत होतो. देशाला नाव दिलं नव्हतं, कारण पुढच्या रविवारी ते मलाच आठवलं नसतं. लढाई लांबत गेली, माझी अक्कल संपत आली, आणि श्रावणाच्या तोंडावर एका दुपारी मी देश हरवून टाकला. राजा पळाला, घराघरातले पुरुष लढाईत मारले गेले, गोष्ट संपली. सुटलो, असं मला वाटलं.

"हरले, पण बाकीचे लोक आहेत ना अजून?" पुतणी म्हणाली. "आता शत्रूचं लष्कर काय करणार?"

लष्कर काय करतं हे मला कुठलं ठाऊक? मी सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, सुपरवायझर. जे माहीत होतं तेच लावलं. शत्रूच्या सेनापतीने शाळेत छावणी टाकली, सकाळी भोंगा वाजवला, बाजारात जायला गेटपास काढला. उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापला. थोड्या वेळाने सेनापती आमच्या शेठसारखा खाकरायलाही लागला. पुतणीला सगळं पटत होतं.

"आणि लोक खातात काय?"

आई शेजारीच सुपात गहू निवडत होती. आम्ही मूळचे खानदेशातले, सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या, पण श्रावणात कानबाई देवी घरी बसतेच. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, मग वर लागतील तेवढे. ही आमची रीत. डोळ्यांसमोर सूप, तोंडातून तेच निघालं.

"सेनापतीने रेशन ठरवलं," मी ऐटीत म्हणालो. "ज्या घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी गहू."

पुतणी म्हणाली, "काका, पुरुष तर तू मारून टाकले."

मी खाकरलो, अगदी सेनापतीसारखा.

"ज्या घरात आई आणि तीन मुली उरल्यात त्यांना किती?"

"शेजारी देतील की."

"शेजारचे पण मेले. तूच सांगितलं." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आणि आपल्या घरात? पप्पा, तू, दादा. माणसं सात आणि मुठी तीन. मला कधी मोजलंच नाही?"

आईचा सुपातला हात थांबला होता.

"आ नै चाले, काका," पुतणी गुजरातीत ठणकावून उठली. "माझी मूठ घेतली तरच मी गोष्ट ऐकेन. नाहीतर नाही."

आता मी पंचेचाळिशीचा माणूस, खात्यात चाळीस कारागीर माझं ऐकतात, म्हणजे निदान ऐकल्यासारखं करतात. पण रीतीबद्दल आईशी बोलायचं म्हटलं की माझी सुपरवायझरी संपते. आठवडाभर मी विषय काढायला स्वयंपाकघरात जात होतो आणि पाणी पिऊन परत येत होतो. बायको म्हणाली, "तब्येतीला चांगलं आहे, प्या."

पुढच्या रविवारी पुतणी आली नाही. पायरीवर मी एकटा. मग मी मोठ्यानेच गोष्ट सुरू केली, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशी. सेनापतीला नदीवर पूल हवा होता, कारण जुना त्यानेच उडवला होता. तो बायकांना म्हणाला, बांधा.

"त्या नाही बांधणार," आतून आवाज आला.

"का?"

"आधी हात मोजा, मग पूल." ती दारात आली. "प्रत्येक हाताला गहू. म्हातारीच्या पण. छोट्या मुलीच्या पण."

सेनापतीने धमक्या दिल्या, गेटपास बंद केले. बायका नदीकाठी नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्याचीच रसद पलीकडे अडकली आणि तो वठणीवर आला. हात मोजले गेले. पूल झाला, मग विहिरी, मग छावणी उठवून शाळा परत घेतली. हे सगळं पुतणी सांगत होती. मी फक्त मान डोलवत होतो, आणि खरं सांगायचं तर तिची गोष्ट माझ्यापेक्षा झकास होती.

शूर बायकांचा वारा लागला असावा. मी तिथल्या तिथे म्हणालो, "आई, यंदा पोरीची मूठ घेऊ या का?"

आईने चष्मा वर केला. "घेऊ. पन मंग तिन्ही एकलीनीच काब्र? सूनास्न्या बी घेऊ." एकट्या नातीचीच का, सुनांच्याही, असं तिचं अहिराणीत म्हणणं. मग चष्मा खाली घेत, "माले आजपावत कोनी इचारंच नही."

कानबाईच्या आदल्या दिवशी सगळे सुपाभोवती बसलो. आईने सव्वा सव्वा मूठ गहू परातीत टाकले. भाऊ, मी, मुलगा. मग माझी बायको, भावजय. पुतणीच्या नावाने टाकताना आईने हात इतका भरला की गहू बोटांतून सांडले. मग तिने सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले.

"सहाच झाल्या," पुतणी म्हणाली. "आजी, तुझी?"

"मन्ही कसाले वं आते."

पुतणीने सूप ओढून घेतलं. तिची मूठ लहान, म्हणून आजीच्या नावाने तिने दोनदा भरून घेतली, आणि वरच्या पाव मुठीसाठी पुन्हा एकदा. आई परातीकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी ते गहू बाकीच्यात मिसळले आणि मला म्हणाली, "ऊठ, गिरनीवर लई जाय."