भोईर सरांचा पट्टा

भोईर सर नव्या मुलीला आधी खुर्चीवर बसायला लावत. अंबरनाथ पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा जिम्नॅस्टिक्सचा वर्ग भरायचा. मुलगी उड्या मारायच्या उत्साहात आलेली, बरोबर कौतुकानं बघणारे आईबाप, आणि सर म्हणत, "बस." ती बसली की, "ऊठ. परत बस." असं पंधरावीस वेळा झालं की विचारत, "बसताना मागं वळून खुर्ची बघितलीस का?" मुलगी नाही म्हणे. "मग झालं. अर्धी मागची तुला येते."

मागची म्हणजे बॅक हँडस्प्रिंग. उभ्यानं मागे झेपावायचं, हातांवर यायचं आणि पाय डोक्यावरून आणून पुन्हा उभं राहायचं. सरांच्या मते तिची सुरुवात उडीनं होतच नाही, नसलेल्या खुर्चीवर बसण्यानं होते. पाठ सरळ हवी, गुडघे पावलांच्या पुढे जाता कामा नयेत, आणि तोल मागे जातोय असं वाटलं की मगच हात कानांजवळून फेकून पाय रेटायचे. "आधी बस, मग उड," हे त्यांचं वाक्य हॉलच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. आम्ही बहुतेक जणी घाबरून सरळ वरच उडायचो, डोकं मागे टाकायचो आणि कोपरं दुमडून आपटायचो. त्यात माझा नंबर पहिला.

आपटायला गाद्या मात्र झकास होत्या. सर उल्हासनगरला जाऊन सोफेवाल्यांकडून फोमचे उरलेले तुकडे आणत. एकदा रविवारी मीही बरोबर गेले होते. तिथला सिंधी दुकानदार कळवळून म्हणाला की मास्टर, या कटपीसचा सोफा होणार नाही. सर त्यांच्या खास हिंदीत म्हणाले, "सोफा कौन बनाता? इसपे लडकी लोग गिरेगा." त्या फोमला त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जुन्या फ्लेक्सचे अभ्रे शिवले होते. त्यामुळे आमचे हात नेमके कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या तोंडावर पडत आणि सर बाजूनं सूचना करत, "चष्म्यावर हात पाहिजे, मिशीवर पडला म्हणजे तू मागं गेलीच नाहीस."

ते सोनिवलीचे, आगरी घरातले. दिवसा एका कंपनीत फिटर, सुट्टी झाली की डब्याची पिशवी घेऊन थेट हॉलवर. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायचा फार प्रयत्न करत, पण कोणी घाई केली की गावची बोली बाहेर यायची आणि 'पडशील'चं 'परशील' व्हायचं. तसं झालं की आम्ही सावध व्हायचो.

त्यांची सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पट्टा. काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा, चार पदरी, दोन्ही बाजूंना मुठीत धरायला फासे असलेला. मुलीच्या अंगाला हात न लावता शिकवता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पट्टा कमरेला बांधायचा, सर बाजूला उभे राहून तो धरणार आणि आपण मागे जायचं. पट्टा कधी सुटायचा याचा नियम ठरलेला होता. ओळीनं दहा वेळा तो त्यांच्या मुठीत ढिला राहिला पाहिजे. एकदा जरी ताणला गेला, तरी पुन्हा एकपासून.

मी तेव्हा नववीत होते. पाच महिने मी सातवर, आठवर अडकत होते. त्या संध्याकाळी सगळ्या मुली गेल्यावर सरांनी मला एकटीला थांबवलं आणि मी नऊपर्यंत गेले. दहाव्या वेळी कोपर वाकलं. पट्टा ताणला. सर शांतपणे म्हणाले, "उद्या एकपासून." मी विनवलं, नऊ तर झाल्या ना. ते पट्ट्याची घडी घालत म्हणाले, "नऊ येळा पट्टा ढिला होता. दहाव्या येळेला तू पट्ट्यावर परलीस. मी नसतो तर?"

मला त्याचा एवढा राग आला की मी पिशवी झुलवत, त्यांना 'येते' असंही न म्हणता निघाले. घरी न जाता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. बाबांनी गच्चीवर मोबाइल न्यायला बंदी केली होती. मी तो चपलेला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग लावलं आणि मागची मारली. स्टेटसला टाकून सगळ्या मुलींना दाखवायचं होतं की पट्टा लागतो तो त्यांना. मी बसले नाही. वर उडाले, डोकं टाकलं, डावं कोपर दुमडलं आणि हाडाचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

त्यानंतरचं लिहायला आजही हात धजत नाही. मी रडत नव्हते. मी उजव्या हातानं आधी तो व्हिडिओ डिलीट केला. मग जिना उतरले. बाबांनी दार उघडलं, हात पाहिला आणि स्वतःच विचारलं, क्लासमध्ये पडलीस? मी मान हलवली. सरांनी पट्टा धरला नव्हता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सुटला." एका मोबाइलपायी मी तो एक शब्द बोलले.

बाबा एका कारखान्यात ऑफिसर होते. हाताखालच्यांकडून खुलासा मागायची त्यांना सवय होती. दुसऱ्या दिवशी प्लास्टरसकट मला घेऊन ते हॉलवर गेले. मुली रांगेत उभ्या होत्या. बाबांनी सगळ्यांसमोर सरांना जाब विचारला. सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी धडधाकट चालत गेलेली मुलगी त्यांनीच पाहिली होती. मी जमिनीवरच्या कुठल्याशा भाऊंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सर म्हणाले, "हो साहेब. माझ्याच हातून सुटला."

बाबांनी लेखी तक्रार केली. आठवड्याभरात शाळेनं हॉल काढून घेतला. गाद्या दोन दिवस फाटकापाशी उन्हात पडल्या होत्या, मग एक टेम्पो त्या सोनिवलीला घेऊन गेला. बावीस मुलींचा वर्ग बंद झाला. सरांनी तो पुन्हा कुठेच सुरू केला नाही. आणि मी रोज त्याच फाटकावरून शाळेत जात होते.

नंतर ते मला एकदाच भेटले, भाजी बाजारात. मी तोंड चुकवणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "हात सरळ कर बघू." मी केला. त्यांनी वाकून कोपर बारकाईनं पाहिलं. "पुरा उघडतो. बरं झालं." एवढंच बोलून ते मेथी निवडायला लागले. खरं सांगून टाकायला तेवढी संधी पुरेशी होती, आसपास ओळखीचं कोणी नव्हतं. मी अभ्यासाचं काहीतरी पुटपुटले आणि पळाले. मला आजवर स्वतःची एवढी किळस कधी आली नाही.

यंदा सर हृदयविकारानं गेले. बारावं झाल्यावर मी भेटायला निघाले, तर बाबाही आले. सोनिवलीत त्यांच्या घराभोवती आता इमारती उठल्यात. ओटीवर काकी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, जवळ बसवलं, कोरा चहा दिला. बाबा मोठ्या मनानं म्हणाले की भोईर माणूस सज्जन, त्या दिवशी जरा बेपर्वाई झाली, पण आम्ही ते कधीच मनात ठेवलं नाही. काकींनी मान डोलावली. "सांगायचे ते. माझ्या हातान पोर परली, बोलायचे."

म्हणजे घरीसुद्धा. मला वाटत होतं, निदान काकींना तरी खरं माहीत असेल. मग मी सांगितलं. गच्ची, मोबाइल, चप्पल, डिलीट केलेला व्हिडिओ, सगळं. पट्टा सुटलाच नव्हता, सर तिथे नव्हतेच. बाबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर जरा हलकं वाटेल.

काकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नव वरसां मी त्यांना बोलत आली," त्या म्हणाल्या. "घरान कप जरी फुटला, तरी म्हणायची, तुमच्या हातान लोकाची पोर नाय टिकली, कप काय टिकल. ते नुसते हसायचे. काचा गोळा करायचे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते हयात होते तवा सांगितला असतास, पोरी," त्या म्हणाल्या, "तर मी बोलायची तरी थांबली असती."