हसल्याशिवाय सुटका नाही

पेडण्याच्या बाजारातल्या त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा मला रागच इतका येतो! दाढी झाली की तो खुर्चीमागे उभा राहतो आणि आरशात बघत हुकूम सोडतो, "जरा हसान दाखवा बघया. दोनय हात वर करा. आता तुमचा नाव सांगा."

हे तिन्ही केल्याशिवाय तो गळ्याभोवतीचं कापड सोडत नाही. शिवाय बाकावर बसलेला एक म्हातारा गिऱ्हाइकाची फजिती एकटक बघत असतो.

परवा तो असा अडून बसला असतानाच माझी म्हापशाची बस समोरून निघून गेली. मी भडकलो. "अहो, दाढी करता की कवायत घेता? डॉक्टर लागून गेलात काय?"

तो वस्तरा पुसत राहिला.

"बापाशीचा तोंड ह्याच आरशात वाकडा झालेला दिसला. एक हात वर जायना, नाव सांगूक येयना. हॉस्पिटलात न्हेवचा की नाय, म्हणान आमी देवाक कौल लावलो. देवाक चिकटवलेली उजवी पाकळी पडली, देव हो म्हणालो. पण ती पडासर दुपार झाली. डाक्तर म्हणाले, डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवचा इंजेक्शन सकाळीच देवक होया होता."

मग तो बाकाकडे वळला. "बाबा, गिऱ्हाईक रागावला मा!"

म्हातारा अर्ध्या तोंडाने हसला.

मी चडफडत दोन्ही हात वर केले आणि माझं नाव सांगितलं. जरा मोठ्यानेच.